बरं झालं गावाला आला, म्हणे!

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तोच वाद निघतो. कोरोनात मुंबई सोडून आलेले लोक गावातच राहिले ते चांगलं झालं की वाईट? गाव श्रीवर्धन तालुक्यातलं, मी इंग्लंडात लेस्टरला. मी काही लिहिलं की लगेच "तुम्हाला काय, तुमच्याकडे सरकार घरबसल्या 80 टक्के पगार देत होतं" असं ऐकावं लागतं.

देत होतं, खोटं कशाला बोलू. फर्लो म्हणायचे त्याला, महिन्याला कमाल 2,500 पाउंड, मार्च 2020 ते सप्टेंबर 2021. पैसे मिळाले ते मिळालेच पण मोठी गोष्ट अशी की माणूस कंपनीच्या पटावर राहिला, त्यामुळे हॉटेलं उघडली तसे बरेच वेटर, कुक पुन्हा कामाला लागले.

माझा चुलतभाऊ गिरगावात केटरिंगवाल्याकडे 19 वर्षं होता, हलवाई म्हणून सुरू करून मुकादम झालेला, हाताखाली आठ पोरं. 25 मार्चला लॉकडाऊन लागलं, लग्नं बंद, मालकाने फोन उचलणं सोडलं. फुकट रेशन होतं की, माणशी 5 किलो, पण याचं कार्ड गावचं आणि हा मुंबईत! मे महिन्यात कसाबसा गावाला पोचला, 14 दिवस शाळेत क्वारंटाइन, आणि 3 जूनला निसर्ग वादळ आलं त्यात वडिलांच्या वाडीतली सुपारी आडवी. सुपारी लावली की धरायला सहा-सात वर्षं जातात हे मी कोकणातल्या माणसांना सांगायला नको.

आता यालाच ग्रुपवरचे काका "मातीशी नाळ" म्हणतात. बाबांनो, देशात शेतीवर काम करणाऱ्यांचा वाटा 2018-19 ला 42.5 टक्के होता तो 2020-21 ला 46.5 झाला, सरकारचेच आकडे आहेत. वर्षानुवर्षं हळूहळू कमी होत आलेला आकडा उलटा फिरला तो काही लोकांना एकदम शेती आवडायला लागली म्हणून नाही. जो मुकादम होता तो आज दुसऱ्याच्या वाडीत रोजाने जातो, याला मी तरी बरं झालं म्हणणार नाही.

पण इकडचं सगळं गोड होतं असंही कोणी समजू नका. लेस्टरमध्ये जून 2020 च्या शेवटी परत लॉकडाऊन लागलं, बाकी इंग्लंड उघडत असताना फक्त आमच्याच भागात, आणि तेव्हा पेपरात आलं की इथल्या कपड्यांच्या कारखान्यांत तासाला साडेतीन पाउंडावर लोक राबतायत, कायद्याने किमान 8.72 द्यायचे असताना! त्यात आपल्याकडूनच आलेली माणसं बरीच. ज्याची कागदावर नोंदच नाही त्याला फर्लो कुठला? माझ्या स्वतःच्या इथे राहण्याच्या परवान्याच्या कार्डावर तेव्हा छापलेलं होतं की सरकारी मदतीवर हक्क नाही. फर्लो त्या मदतीत धरत नव्हते म्हणून वाचलो, पण नोकरीच गेली असती तर 60 दिवसांत दुसरी शोधा नाहीतर घरी जा. ते कार्ड हातात घेऊन बसलो की भावाचं रेशनकार्ड आठवायचं. घाम एकीकडे गाळायचा आणि हक्क दुसऱ्याच पत्त्यावर, त्याचंही तेच आणि माझंही तेच, फरक एवढाच की माझी कंपनी टिकली. यात माझी हुशारी शून्य.

म्हणून "सरकारने पैसे वाटायला हवे होते" एवढ्यावर वाद संपवू नका असं माझं म्हणणं आहे. पैसे हवेच होते, पण माणूस जिथे काम करतो तिथे त्याची नोंद हवी. रेशन देशात कुठेही मिळेल ही सोय आता झाली, चांगलंच आहे, पण केटरिंगवाल्याच्या वहीत नाव नसलेल्या मुकादमाला 19 वर्षांचा पुरावा कोण देणार?

भावाची मुलगी 2021 च्या दहावीची. परीक्षाच झाली नाही, राज्याचा निकाल 99.95 टक्के, घरात एक मोबाइल आणि रेंजसाठी टेकडीवर जायचं. गेल्या वर्षी तिला मुंबईत नोकरी लागली, दुकानात, तोंडी बोलीवर. भाऊ स्वतः खोली बघायला गेला होता. मी फोनवर विचारलं, अपॉइंटमेंट लेटर दिलंय का रे तिला? तो म्हणाला, तू तिकडे बसून फार प्रश्न विचारतोस.