चिरंजीवांच्या जांभईतून जनावर निघालं तर

पालकहो, सर्वात आधी अभिनंदन. दहावीच्या वर्षात पोराच्या अंगचा एखादा सुप्त गुण वर यावा, ही आनंदाचीच गोष्ट. मग तो गुण चार पायांवर का चालेना. चिरंजीवांनी जांभई दिली की स्वयंपाकघरात, जिन्यात नाहीतर पार्किंगमध्ये दात असलेलं काहीतरी येऊन उभं राहतं. ते कुणाचं ऐकत नाही, चिरंजीवांचं तर मुळीच नाही. परत कसं धाडायचं ते त्यांनाही ठाऊक नाही. एवढंच ना? 2019 साली सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 45. त्यानंतरही दर पावसाळ्यात पोराबाळांना घेऊन, भडंग खात पाणी बघायला जाणारी माणसं आपण. आपण घाबरायचं म्हणजे काय?

पहिलं काम म्हणजे खात्री करून घ्या. दुसऱ्या एखाद्या शहरात घराच्या मोरीत मगर निघाली तर लोक चमत्कार म्हणतील, हार घालतील. सांगलीत तेवढ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. भिलवडी, औदुंबरपासून खाली सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी नांदतायत, थंडीच्या दिवसांत काठावर ऊन खात पडतायत, त्यांना कुणाच्या पोराची गरज लागलेली नाही. 2021 या एका सालात राजवाडा परिसरात बिबट्या येऊन गेला आणि वर्ष संपता संपता मार्केट यार्डात गवा. दोघंही आपापल्या पायांनी आले. बिबट्याला तर आता जंगल लागतंच असं नाही. वर्षभर उभा ऊस, पाटाला पाणी, खायला डुकरं आणि भटकी कुत्री; मादी सरीतच पिल्लं घालते आणि ऊसतोड सुरू झाली की ती कोयत्यापुढं सापडतात. तेव्हा भगताकडं पळण्याआधी एवढंच बघा, आलेल्या जनावराला नाव आहे का? नाव असेल तर ते उसाचं, नदीचं नाहीतर चांदोलीच्या जंगलाचं. नसेल तर तुमचं.

ओळखीच्या एका घरातला प्रकार सांगतो, म्हणजे अंदाज येईल. विश्रामबाग, दुसरा मजला, पहाटेचे पाच. चिरंजीव डायनिंग टेबलावर वर्गसमीकरणं सोडवत बसलेले, शेजारी साय धरलेला चहा. वडील समोर हातात मोबाईलचं स्टॉपवॉच लावून. चिरंजीवांनी जबडा आवळून धरला, नाकपुड्या फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं आणि शेवटी व्हायचं तेच झालं. गॅस सिलिंडरच्या मागून आधी वास आला, कारखान्याच्या मळीचा. मग ओलं काळं नाक. मग खांदा, गव्यासारखा उंच. खाली पाय मात्र मगरीसारखे फाकलेले, आणि शेपूट अजून सिलिंडरच्या मागंच, येतंय आपलं सावकाश. त्यानं वर्षाचा बेदाणा डब्यासकट खाल्ला. भडंगाची पिशवी हुंगली आणि बाजूला सारली. भडंग मऊ पडलंय हे घरच्यांना तेव्हा कळलं. मग ओट्याची कडप्प्याची फरशी टोस्टासारखी कडाकडा चावली. आई बेडरूममधून ओरडली, "अहो, काय पडलं?" वडील म्हणाले, "काही नाही, तू झोप." आणि चिरंजीवांना म्हणाले, "तिकडं काय बघतोस? विवेचक काढ."

अशी जिद्द पाहिजे. नाहीतर आजकालचे पालक, घरात रक्तपिपासू काहीतरी आलं की लगेच अभ्यास थांबवतात.

त्या घरातल्या आजींचं म्हणणं वेगळं होतं. जांभई आली की तोंडापुढं चुटकी वाजवायची, नाहीतर उघड्या तोंडातनं भूत आत शिरतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आजींनी जन्मभर चुटक्या वाजवल्या. "आरं, पण आत जायाचं सोडून ह्ये भायेर कसं यायला लागलं?" हा त्यांचा प्रश्न अगदी शास्त्रीय आहे आणि त्याचं उत्तर घरातल्या एकाही इंजिनिअरला देता आलेलं नाही. चुटकी वेळेवर वाजली तर जनावर मांजराएवढंच निघतं, उशीर झाला तर खांद्यासकट, असा त्यांचा अनुभव आहे. म्हणून दिवसपाळीला आई आणि रात्रपाळीला आजी अशी वाटणी करून घ्या. आजींची झोप मोडेल म्हणता? म्हाताऱ्या माणसाला झोप कमीच लागते, हे आपण सगळ्यांनी मिळून केव्हाच ठरवलेलं आहे.

चिरंजीवांची समजूत घालताना नदीवरच्या मगरीचा फार उपयोग होतो. ती काठावर तोंड उघडं टाकून पडलेली दिसली की पोरं म्हणतात, बघ, ती पण जांभई देतीया. ती जांभई नव्हे. अंगातली उष्णता बाहेर टाकायला मगर जबडा उघडा ठेवते. हेच चिरंजीवांना शांतपणे, डोक्यावरून हात फिरवून सांगायचं, "राजा, तुला झोप आलेली नाही, तुला उष्णता झालीय." सब्जा द्या. गुलकंद द्या. डोळ्यांवर पाणी मारा, पाय थंड पाण्याच्या बादलीत सोडायला लावा, आणि तरीही तोंड उघडायला लागलं तर एक लवंगी मिरची. मिरचीनं जांभई थांबत नाही, पण येणारं जनावर तिखट खाऊन येतं आणि जरा बिचकून राहतं, असं म्हणतात.

एखादा डॉक्टर तुम्हाला वेगळंच काहीतरी सांगेल. तेरा ते अठरा वयाच्या मुलाला रोज 8 ते 10 तास झोप लागते. या वयात शरीराचं घड्याळच पुढं सरकतं, म्हणून रात्री लवकर डोळा लागत नाही आणि पहाटे उघडत नाही. त्यात आळस कसलाही नाही. असल्या डॉक्टरची फी द्यावी, नमस्कार करावा आणि दुसरा डॉक्टर गाठावा. स्वतः रात्री जागून डॉक्टर झालेला माणूस दुसऱ्याच्या पोराला झोपू द्या म्हणतो, यातलं काय ते ओळखा. सीटा मोजक्याच असतात.

क्लासच्या सरांपासून मात्र काही लपवू नका. सर अनुभवी असतात. त्या मुलाच्या सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला खिडकीजवळच्या बाकावर बसवलं. खिडकी रस्त्यापलीकडच्या क्लासकडं उघडते. जांभई खिडकीकडं तोंड करून द्यायची, एवढीच सरांची अट. महिन्याभरात पलीकडच्या क्लासची पाटी निघाली, बाकं निघाली आणि जिनाही निघाला. सरांनी आपल्या बॅचची वेळ पहाटे साडेपाचवरून पावणेपाचवर आणली, कारण लवकर उठलेल्या मुलाच्या जांभईत दम जास्त असतो. जनावरांपायी बुडालेले तास रविवारी भरून काढतात. तक्रार कुणाचीच नाही. पालकसभेत एका काकांनी फक्त एवढंच विचारलं, आमच्या मुलीला असं काही येत नाही, तर तिला एक्स्ट्रा क्लास लावायचा का?

सोसायटीचं म्हणाल तर मेंटेनन्स वेळेवर भरत चला, बाकी निभावून जातं. जिन्यात सहा फुटांचं काहीतरी गुरगुरत बसलंय म्हटल्यावर ग्रुपवर पहिला मेसेज येतो तो असा, "कोणाचे आहे? त्वरित हलवावे." दुसरा, "काल पण होते." तिसरा सुप्रभात. जनावर दोन दिवसांहून जास्त राहिलं तर पाहुण्यांच्या गाडीचा दर लागतो, आणि त्यानं वॉचमनची खुर्ची खाल्ली तर तो खर्च वेगळा.

वनखात्याला फोन करायला लाजू नका, 1926 हा नंबर त्यासाठीच आहे. माणसं येतात, जाळी आणतात, पिंजरा आणतात, भुलीची बंदूक आणतात. त्यांना जनावर जड जात नाही, आपण जड जातो; जनावर दमून बसलं तरी हजारभर माणूस मोबाईल वर धरून शिट्ट्या मारत असतो, त्यात जनावर उधळलं की आपणच म्हणतो, खातं काय करतंय? खरी पंचाईत पंचनाम्याला होते. बिबट्या, मगर, गवा हे सगळे 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत बसतात. उद्या वाघ आला तरी त्याची सोय आहे, 2010 सालीच चांदोली आणि कोयना मिळून व्याघ्र प्रकल्प झालाय. तुमच्या स्वयंपाकघरातलं ते कुठल्याच अनुसूचीत नाही. ‘प्राण्याचे नाव’ या रकान्यात कुणीतरी ‘इतर’ लिहितं आणि तो कागद मग ज्या टेबलावर जातो, तिथल्या साहेबांच्या मते हे पाळीव आहे, कारण घरातून निघालं. पुढच्या टेबलावर ते शैक्षणिक ठरतं. बेदाण्याच्या भरपाईचा नाद तर सोडाच. शेतातल्या पिकाची भरपाई असते, डब्यातल्या बेदाण्याची नसते, आणि कारण म्हणून ‘मुलगा’ लिहिलेला अर्ज अजून कुणी मंजूर केल्याचं ऐकिवात नाही.

पाहुणे येणारच. वाळव्याचा चुलता म्हणेल, पोराला चार दिवस रानात धाडा, उसात डुकरं लई झाल्यात. धाडू नका. एकानं धाडलं होतं. डुकरं गेली, खरं आहे. पाठोपाठ ठिबकच्या नळ्या गेल्या, मोटार गेली आणि कारखान्याची टोळी यायच्या आत दीड एकर तोड झाली. शिराळ्याचे मामा म्हणतील, आपल्याकडं जिवंत नागाची पूजा कोर्टानं थांबवली, आता निदान याची तरी मिरवणूक काढू. वाढदिवसाला एखादं जनावर पाठवा म्हणून साहेबांच्या पीएचा फोन येईल. कामाचा आहे तो एकच, तेवढा उचला.

आता बोर्डाची परीक्षा. खेळाचे, चित्रकलेचे, लोककलेचे वाढीव गुण मिळतात; याचे अजून मिळत नाहीत. प्रकार लोककलेत बसवता येतो का ते बघा, मागं संबळ वाजवायला कुणी मिळालं तर अवघड नाही. परीक्षा केंद्रावर काही निघालंच तर घाबरून पळू नका, पळालं की संशय येतो. भरारी पथक आधी जनावराच्या अंगावर काही लिहिलेलं नाही ना ते तपासतं. त्या गडबडीत पथकातलं कुणी कमी झालं तर तो प्रश्न बोर्डाचा, चिरंजीवांनी मान खाली घालून पुरवणी मागावी.

पेपर अकराला. सरांचं म्हणणं असं की आदल्या रात्रीच जांभयांचा साठा संपवून टाकावा, म्हणजे हॉलमध्ये तोंड मिटलेलं राहतं. तेव्हा रात्रभर जागवा, निघायचं ते घरीच निघू दे. शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या, फ्रिज गच्चीवर न्या, आजींच्या बोटांना तेल लावून ठेवा. आणि पहाटे तीन-साडेतीनला चिरंजीव वहीवर गाल टेकून पडलेले दिसले, घोरायला लागलेले असले आणि घरात कुठंच काही गुरगुरत नसलं, तर जराही वेळ न घालवता त्यांना हलवून उठवा. भूमितीची दोन प्रमेयं राहिलीत.