आधी बोला, नोट्स मग लिहा

मुलांच्या विज्ञान सादरीकरणाच्या नोट्स लिहून देणारे पालक, शिक्षक आणि हल्ली एआय, या तिघांनाही हात जोडून विनंती: नका लिहून देऊ.

परीक्षकाच्या खुर्चीत बसलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं नोट्स कुणाच्या आहेत ते. सातवीतली मुलगी "सदर प्रयोगाच्या माध्यमातून आम्ही असे प्रतिपादन करू इच्छितो" म्हणायला लागली की समजावं, हे घरातल्या मोठ्यांचं काम. मध्येच "म्हणजे काय गं?" विचारलं की पाठांतर तुटतं आणि बिचारी परत पहिल्या वाक्यापासून सुरू करते.

माझ्या मते क्रमच उलटा हवा. प्रयोग ज्याला ठाऊक नाही अशा कुणासमोर तरी मुलाला तो सांगू द्या. समोर स्लाइड, हातात कागद नाही. फोनवर रेकॉर्ड करा आणि त्यालाच ऐकवा. जिथे अडखळला, जिथे आकडा चुकला, जिथे "म्हणजे ते तसं होतं ना" असं मोघम बोलला, तेवढंच नोट्समध्ये जाईल. जे न बघता नीट आलं ते लिहायचं कशाला?

साधा लंबक घ्या. स्लाइडवर आलेख आहे: आडव्या अक्षावर लांबी, उभ्या अक्षावर दोलनकालाचा (एकदा जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग, आणि सरळ रेषा. मुलं थेट "यावरून सिद्ध होतं की" वर उडी मारतात. समोरच्याला अजून अक्ष कुठले तेच कळलेलं नसतं! म्हणून नोट्सची पहिली ओळ: "आधी अक्ष. बोट दाखव." दुसरी: "२५ सेंमी, सुमारे १ सेकंद. १ मीटर, सुमारे २ सेकंद. लांबी चौपट, वेळ दुप्पट. थांब." तिसरी फक्त प्रश्न: "एकदम २० दोलनं का मोजली?" उत्तर लिहायचं नाही, कारण ते त्याने हाताने केलेलं असतं. स्टॉपवॉच दाबताना बोटाकडून होणारी चूक एकाच दोलनावर पडली तर मोठी. २० दोलनांचा वेळ घेऊन २० ने भागलं की ती विसाव्या हिश्शाएवढीच उरते. हे ज्याला आपल्या शब्दांत सांगता येतं त्याला प्रयोग कळलाय. सुबक व्याख्येपेक्षा मला हे ऐकायला आवडतं, आणि गुणही मी इथेच देतो.

पूर्ण वाक्यं हवीतच तर दोन ठिकाणी. एक सुरुवातीला, कारण तेव्हा घशाला कोरड पडलेली असते. दुसरं स्लाइड बदलताना: "लांबीचं झालं. आता गोळा जड केला तर?" एवढं वाक्य नसलं की मुलं "नेक्स्ट" म्हणून मोकळी होतात. आकडे मात्र एककासकट लिहा, गुरुत्वत्वरणाचं नुसतं ९.८ म्हणून काही कळत नाही.

वेगाचं काय? मायकेल फॅरेडेसारखा मोठा शास्त्रज्ञ, ज्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळच्या व्याख्यानांच्या १९ मालिका दिल्या, तोही भरात आला की भरभर बोलायचा. त्याचा मदतनीस अँडरसन त्याच्यासमोर "सावकाश" लिहिलेलं कार्ड ठेवायचा. तेव्हा नोट्समध्ये ठळक अक्षरांत "सावकाश" लिहायला लाजू नये.

पॉवरपॉइंटच्या प्रेझेंटर व्ह्यूवर (नोट्स फक्त बोलणाऱ्याच्या पडद्यावर दाखवणाऱ्या सोयीवर) विसंबू नका. दोन्ही पडदे एकसारखे जोडले गेले तर ऐन वेळी नोट्स दिसतच नाहीत. कागदी कार्डं, मोठं अक्षर, कोपऱ्यात क्रमांक. खाली पडली तरी लावता येतात.

आणि एक कार्ड प्रश्नांसाठी वेगळं. लंबकाला हमखास येणारा प्रश्न म्हणजे "झोका मोठा घेतला तर?" बहुतेक मुलं ठोकून देतात, "काही फरक पडत नाही." हे लहान कोनापुरतं ठीक आहे, कोन मोठा केला की दोलनकाल थोडा वाढतो. करून बघितलं नसेल तर कार्डावर इतकंच असावं: "आम्ही लहान कोनातच मोजलं, मोठ्या कोनात तपासलेलं नाही." या उत्तराला मी कधीही गुण कापत नाही.