हिरवा ठिपका

माझ्या नावाशेजारी एक ठिपका असतो. हिरवा असेल तर मी कामात, पिवळा झाला की मी बेपत्ता. ऑफिसच्या टीम्स या चॅट-ॲपवर 5 मिनिटं कीबोर्ड आणि माउस गप्प राहिले की तो पिवळा पडतो. स्वच्छतागृहापर्यंतचं जाऊन-येऊन अंतर मी आता सेकंदांत सांगतो.

त्यात ऑफिसने आणखी एक सॉफ्टवेअर बसवलं. ते माउस किती हलला, बटणं किती दाबली ते मोजतं, मधूनच स्क्रीनचा फोटो काढतं आणि शुक्रवारी टक्के लावतं. विचार करण्याला त्यात रकानाच नाही. एक चिवट हिशोब मी छताकडे बघत सोडवला, तर नावावर ‘निष्क्रिय : 11 मिनिटं’. तेव्हापासून विचार करताना माउस गोल गोल फिरवतो. माउस छान फिरतो. विचार मात्र येईनासा झालाय.

हे मोजमापाचं वेड जुनंच. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाच्या इंजिनिअरने कामगारांच्या हालचाली स्टॉपवॉच लावून मोजायची पद्धत काढली. 1911 साली वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात ते घड्याळ आलं, तर ओतारी सरळ काम टाकून बाहेर पडले. 1915 मध्ये तिथल्या संसदेने लष्करी कारखान्यांत स्टॉपवॉचला बंदीच घातली. आमच्यात तेवढी धमक नाही. आम्ही सगळे ‘आय ॲग्री’वर टिचकी मारून मोकळे.

पण घड्याळावरून एक गोष्ट आठवली. ऑप्टिकल माउस पोटाखालच्या पृष्ठभागाचे भराभर फोटो काढून आपण हललो का ते ठरवतो. त्याच्या पोटाखाली काट्यांचं मनगटी घड्याळ सरकवलं, तर सेकंदकाटाच त्याला हलवतो! वडिलांचं जुनं घड्याळ कपाटातून काढलं, एक्सेलची फाइल उघडी ठेवली (फोटो निघालाच तर बरा यावा) आणि मंगळवारी दुपारी तासभर गाढ झोपलो.

शुक्रवारी साहेबांचा फोन. माझ्या पोटात गोळा.

“मंगळवारी अडीच ते साडेतीन तुमचे 98 टक्के आहेत. टीममध्ये एवढे कुणाचेच नाहीत. काय करत होतात?”

“साहेब, जरा... एकाग्र झालो होतो.”

“मग रोज त्या वेळी तेच करत चला.”

“हो साहेब,” म्हणालो, आणि घड्याळाचा नवा सेल मागवला.