कुलाब्याहून निफाड दिसत नाही

विमानं आणि पाऊस दोन्ही एकाच फेज्ड ॲरे रडारवर (अँटेना न फिरवता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने किरण वळवणाऱ्या रडारवर) बघायचे, हा अमेरिकेतला विचार लेखात छान मांडलाय. फिरत्या अँटेनाला सगळं आभाळ चाळायला चार-पाच मिनिटं लागतात, फेज्ड ॲरेने ते साधारण मिनिटात होईल. गारपिटीत तेवढ्यात निफाडची द्राक्षबाग आडवी होते, त्यामुळे फरक पडतोच. पण रडार बसवणार कुठे, ते आधी ठरवा की राव! कुलाब्याचं रडार नाशिकपासून दीडशेच्या वर किलोमीटर. पृथ्वीच्या गोलाईमुळे आणि थोडा वर रोखलेला असल्यामुळे त्याचा किरण इथे नाशकात पोचेपर्यंत जवळपास तीन किलोमीटर उंच गेलेला असतो, शिवाय मध्ये सह्याद्री. खालच्या ढगात काय शिजतंय ते कसं कळणार? आणि स्वस्तात पडतं म्हणून नुसतं एक्स-बँड, म्हणजे आखूड लहरींचं रडार गळ्यात मारू नका. त्याची तीन सेंटिमीटरची लहर मुसळधार पावसातच मार खाते.