मंगळवार रिकामा घालवू नका

ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, मंगळवारी बंद असतो, त्यामुळे गेटाजवळच्या रिसॉर्टांत त्या दिवशी शुकशुकाट असतो. बियाणे कंपन्यांच्या डीलर मीट, डॉक्टरांच्या परिषदा, बँकांची प्रशिक्षणं यांना याच्याइतका सोयीचा वार नाही. सोमवारी संध्याकाळी मुक्कामी या, मंगळवारी दिवसभर हॉलमध्ये बसा, बुधवारी पहाटे सफारीला जा. वाघासाठी कोणी सत्र सोडून पळत नाही.

८० माणसं धरा. गाईड-ड्रायव्हर सोडून जिप्सीत ६ जण, म्हणजे १४ जिप्सी. एका गेटवर एका सकाळी एवढ्या मिळणं कठीण, म्हणून दोन गेट किंवा कोअर आणि बफर (कोअरभोवतीचं जंगल) अशी वाटणी बुकिंगच्या वेळीच करा. तिकिटावर ज्याचं नाव, ओळखपत्रही त्याचंच लागतं. कंपन्या मात्र शेवटच्या आठवड्यात माणसं बदलतात. नावं कधीपर्यंत बदलता येतील ते करारातच लिहून घ्या.

खरं दुखणं तारखांचं आहे. रिसॉर्टवाला नागपूरच्या इव्हेंटवाल्याला तारीख देऊन मोकळा होतो, गावाला चार दिवस आधी कळतं. इकडे दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी लागलेली, स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाच्या बाया सकाळीच वावरात. तुळशीचं लग्न झालं की मंडप आणि जनरेटर लग्नघरी. डिसेंबरात नागपुरात अधिवेशन, गाड्या तिकडे. निवडणूक लागली तर उरलेल्याही गेल्या. हे सगळं भिंतीवरच्या एका कॅलेंडरवर मावतं! रिसॉर्ट, जिप्सीवाले, बचत गट, मंडपवाला, ग्रामपंचायत यांचा एकेक माणूस महिन्यातून एकदा बसला की झालं. व्हॉट्सॲप ग्रुपवर हे जमत नाही, तिथं गुड मॉर्निंगच जास्त.

वीज जाणारच, असं धरून चला. हॉलचे दीड टनाचे चार एसी, साउंड, प्रोजेक्टर मिळून दहाएक किलोवॅट होतात. २५ केव्हीएचा जनरेटर पुरतो, पण स्वयंपाकघराचा मिक्सर आणि पाण्याची मोटर त्याच लाइनवर टाकली की मोटर सुरू होताच ट्रिप. जनरेटर लोड घेईपर्यंत काही सेकंद जातात, तेवढ्यासाठी लॅपटॉप-प्रोजेक्टर यूपीएसवर ठेवा.

जेवणात कंपनीवाल्यांना गरम भाकर हवी असते. माणशी दोन म्हणजे १६०. एका चुलीवर तासाला तीसेक होतात, म्हणून चार चुली आणि सव्वा-दीड तास. दोन चुलींवर भागवलं की अर्ध्या भाकरी सकाळी थापून झाकून ठेवतात, त्या वातड होतात, आणि पुढच्या वेळी केटरर नागपूरहून येतो. बायांचा हात वाईट नसतो बापा, चुली कमी असतात.

आता पैशाचं. कार्यक्रम रद्द झाला की ॲडव्हान्स इव्हेंटवाल्याकडे अडकतो आणि दळून ठेवलेलं पीठ बचत गटाच्या गळ्यात पडतं. मार्च २०२० नंतर तरी हे डोक्यात जायला हवं होतं. कंपनीकडून आलेल्या ॲडव्हान्समधला वाटा त्याच आठवड्यात खालपर्यंत पोचला पाहिजे, आणि तोही लेखी, खात्यावर. शिवाय प्रत्येक पाहुण्यामागे ५० रुपये सामायिक खात्यात टाकले, तर ८० जणांच्या एका कार्यक्रमाचे ४,००० होतात. अशा दहा कार्यक्रमांत ४०,००० जमतात. एखादा रद्द झाला तर किराणा आणि मजुरी त्यातून निघते.

आणि ७२ तास आधी डोकी पक्की कळल्याशिवाय ज्वारी चक्कीवर पाठवायची नाही.