विमा नाही म्हणून तपासणी थांबवू नका

'विमा नसेल तर गरोदरपणातल्या तपासण्या परवडत नाहीत' हे एका लेखात वाचलेलं वाक्य मला पटलं नाही. विमा असला तरी बहुतेक पॉलिसींत बाळंतपणासाठी प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे पॉलिसी काढल्यावर ठरावीक काळ तो खर्च मिळत नाही. मग दिवस गेल्यावर पॉलिसी काढून काय उपयोग? आणि सरकारी सोयीचा लेखात उल्लेखच नाही, याचं वाईट वाटलं. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. 2016 पासून हे चालू आहे.

माझ्या धाकट्या जावेचे पहिले तीन महिने एका खासगी दवाखान्यात गेले. दर खेपेला नवी चिठ्ठी, नवं बिल. शेवटी आमच्या करवीर तालुक्यातल्या गावच्या आशाताईच तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. कार्ड काढलं, रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 8 म्हणजे कमी निघालं. लोहाच्या गोळ्या तिथंच मिळाल्या, त्या जेवणानंतर लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायच्या, चहाबरोबर अजिबात नाही, हे सिस्टरनी दोनदा बजावलं. बाळंतपण कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात झालं, सिझर करूनही ऑपरेशनचे पैसे लागले नाहीत. गर्दी असते, सकाळी लवकर जावं लागतं, हे खरं. पण कुणी पैशापायी तपासणी टाळत असेल तर आधी आपल्या आशाताईंना गाठा, आजच.