निळ्या गोळीने मुली वांझ होतात म्हणे!

आमची भाची आठवीत आहे. सोमवारी शाळेत मिळालेली लोहाची निळी गोळी तिने जिभेखाली धरली आणि सर पुढच्या बाकाकडे वळल्यावर खिडकीबाहेर थुंकली. जीभ निळी झाली म्हणून पकडली गेली. थुंकायला आईनेच सांगितलं होतं, आणि आईला व्हॉट्सॲपने. फॉरवर्डचं म्हणणं असं: गोळीने मुलींना पुढे मूल होत नाही, शौचाला काळं होतं म्हणजे आतून रक्त जातं, पोरं ओकतात, धडधाकट पोरांना गरज काय, गूळ-बीट खाल्लं की झालं.

मूल होत नाही? ताई, तुला दिवस गेले होते तेव्हा आशाताई लाल गोळ्या देऊन जायची ना? 'ॲनिमिया मुक्त भारत'च्या २०१८च्या सरकारी सूचना वाच. १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्याला एक गोळी: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस: तेच ६०, तेच ५००. रंग तेवढा वेगळा. पोटातल्या बाळासाठी जे रोज देतात, तेच आठवड्यातून एकदा दिलं की कूस बंद? आणि ही गोळी मुलगेही घेतात. त्यांचं काय होतं, ते सांगायला फॉरवर्डवाला विसरला वाटतं.

काळं होतं ते अंगात न शोषलेल्या लोहामुळे. पुढे.

ओकारीचं मात्र अर्धं खरं आहे. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, पोटात दुखतं. म्हणूनच गोळी खिचडीनंतर द्यायची असते. प्रार्थना संपताच वाटून मोकळे होणाऱ्या शाळेशी खुशाल भांडा. थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या मुलांना ही गोळी द्यायची नसते, तेही वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवा. एवढी एक कामाची गोष्ट त्या लांबलचक मेसेजमध्ये नव्हती!

गरज काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला, मुलग्यांत ३१ टक्के. वरून धडधाकटच दिसतात पोरं.

बीट लाल असतं म्हणून रक्त वाढत नाही. १०० ग्रॅम बिटात १ मिलिग्रॅमही लोह नसतं. आवडत असेल तर खा. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा देऊ नका. त्याने आहे तेही लोह अंगी लागत नाही.